सात नंबर रिकामा नव्हता

फणी द्यायला गेलो होतो. एवढंच काम होतं. बायकोचं आतड्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. तिनं पोरीकडून निरोप धाडला, की डोक्याचं पार घरटं झालंय, हॉस्पिटलातल्या फणीचे दात केसात शिरतच नाहीत, माझी लाकडी आणा. पोरीला ऑफिस. मी मोकळाच. फणी खिशात घातली आणि निघालो. भेटायची वेळ चार ते सहा. चारच्या आधी आत सोडत नाहीत, सहानंतर थांबू देत नाहीत. दारावरचा माणूस माणूस नव्हे, घड्याळच.

ही उठून बसली होती. तोंडावर जरा तेज आलं होतं. मानेत एक नळी घातलेली. हातापायाच्या शिरा टोचून टोचून संपल्या, म्हणून सगळं औषधपाणी त्या नळीतून जायचं. चष्मेवाला डॉक्टर म्हणाला होता, आठवड्याभरात घरी न्या. हिची तक्रार एकच, पलंग संडासाच्या दाराला लागून. दर पाच मिनिटांनी दार धाडकन आपटणार आणि मागून वास येणार.

"अहो, ते कोपऱ्यातलं सात नंबर आज रिकामं झालंय," ही म्हणाली. "खिडकीजवळचं. सिस्टरला विचारलंय मी. ती म्हणाली, साफ झालं की हलवते."

मी बघितलं. पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली, पायाशी मोठी खिडकी. वॉर्डातली मावशी पलंगाचे दांडे पुसत होती.

आता माझा धंदा सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी पाण्याच्या टाक्या धुणारा. चौथीतून शाळा सुटली ती थेट टाकीत उतरलो आणि चाळीस वर्षं उतरत राहिलो. टाकीत उतरलं की पहिल्यांदा भिंतीला हात लावायचा. पाणी आरशासारखं असलं तरी भिंतीला बुळबुळ असते. लोकांना वाटतं ती घाण. घाण धुतली की जाते. ही वस्ती असते, एकमेकांना धरून बसलेली. वरून पावडर टाकली तर वरचे मरतात, खालचे त्यांच्या आडोशाला मजेत जगतात आणि आठ दिवसांत पुन्हा घर भरतात. म्हणून आधी तारेच्या ब्रशानं घासायचं, मग पावडर लावायची, मग ती मुरू द्यायची. मुरू देणं हेच खरं काम. पण घरमालकाला दम कुठला? वरून डोकावून ओरडणार, "झालं का हो? मोटर लावू का?" मी आतून शिवी हासडायचो. बंद टाकीत शिवी तीनदा घुमते आणि शेवटी आपल्याच कानाशी येऊन थांबते. कितीतरी घरमालकांना मी सुनावलं असेल, की घाई असेल तर स्वतः उतरा.

तर असा मी. सगळं माहीत असलेला.

साडेपाच झाले. सहाला मला हाकलणार. मी मावशीजवळ गेलो.

"झालं का?"

"नाही काका. अजून तासभर."

"तासभर? पलंग आहे का पूल?"

"ह्याला दोनदा करायला सांगितलंय. आता एकदा, मग वाळलं की गादी उलटून खालून पुन्हा एकदा. आधीचा पेशंट एक्केचाळीस दिवस होता ह्याच्यावर."

"मग? गेला ना आता घरी?"

मावशीनं फडकं पिळलं. "गेला," म्हणाली. घरी म्हणाली नाही.

"हे बघ, मला जायच्या आत हिला हलवायचंय. पुसलंस ना एकदा? बास झालं."

"वाळू द्या काका. घाई नका करू."

"तू मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून लोकांची घाण काढतोय मी."

आणि मी वळलो आणि वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडलो, "सिस्टर, सात नंबर झालं हो!"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मागच्याच महिन्यात कुणा नातेवाइकानं तिची तक्रार केली होती, हे मला नंतर कळलं. तिनं बादली उचलली आणि गेली. गादी उलटायची राहिली.

पाच मिनिटांत हिला हलवलं. खिडकीतून झाडाचा शेंडा दिसत होता. ही खूश. मी तिचे केस विंचरून दिले, तर म्हणते, "एवढी माया? डॉक्टरनं तुम्हाला काही वेगळं सांगितलंय का?" दोघं हसलो. हिचं ते शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ही पलंगाच्या अगदी कडेला, लोखंडी कठड्याला चिकटून झोपलेली. भिंतीकडची अर्धी गादी मोकळी.

"पडशील की. सरक आत."

"कशी सरकू?" ही हळूच म्हणाली. "अहो, ह्यांना जरा पलीकडं व्हायला सांगा ना."

"कुणाला?"

"हे भिंतीकडं झोपलेत ते. कालपासून सांगतेय. उठतच नाहीत."

औषधाची गुंगी, मी म्हटलं. सिस्टरही तेच म्हणाली. मोकळ्या गादीवर मी थापटून दाखवलं, "हे बघ, कोण आहे इथं?" हिनं माझा हात झटकन ओढला. "असं मारू नका त्यांना."

तिसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. ही कडेकडेनं इतकी आली, की कठड्याचे वळ दंडावर उठले. मधे सरकवून दिली की दहा मिनिटांत पुन्हा कडेला. चारला आत शिरलो की वॉर्ड अजून दुपारच्या झोपेतच असायचा. पडदे ओढलेले, उजेड पिवळा, कुठंतरी एखादं मशीन टिक् टिक् करतं. पण सात नंबरच्या कोपऱ्यात वेगळीच शांतता असायची. मला ती ओळखीची वाटायची आणि कुठली ते आठवायचं नाही. मग ही बोलली आणि आठवलं.

"तहान लागलीय," एवढंच बोलली. तो शब्द भिंतीवर जाऊन परत आला. पुन्हा आला. झाकण लावलेल्या टाकीत आपलाच आवाज येतो, तसा. उघडा वॉर्ड, बारा पलंग, आणि हिचा आवाज मात्र टाकीतून.

तिसऱ्यांदा जो आला, तो हिचा नव्हता.

पाचव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. चष्मेवाल्यानं मला आणि पोरीला बाहेर बोलावलं. डॉक्टर वयानं लहान, पण तोंडावर पाणी मारून आल्यासारखा कायम थकलेला.

"यीस्ट सापडलंय रक्तात," तो म्हणाला. "बुरशीचाच प्रकार."

"पाव फुगवतात ते?"

"त्याच्या दूरच्या भावकीतलं म्हणा. पण हे हॉस्पिटलात राहतं. पलंगावर, दांड्यावर, माणसाच्या कातडीवर. पुसून गेल्यासारखं वाटतं आणि जात नाही. आईंच्या नळीच्या आत त्यानं थर धरलाय. औषध देतोय, पण ते थरावरून निघून जातं, आत शिरत नाही. दोन औषधांना तर ते मुळीच दाद देत नाही. तिसरं चालू केलंय."

पोरगी वहीत लिहून घेत होती. मला लिहायची गरज नव्हती. चाळीस वर्षं हाताखाली होतं ते सगळं.

"नळी काढा," मी म्हणालो. "थर बसला की वरून ओतून काही होत नाही. नळी फेका."

डॉक्टरनं माझ्याकडं जरा चमकून बघितलं. "बरोबर आहे तुमचं. काढायचीच आहे. पण त्यांचा रक्तदाब ज्या औषधावर टिकलाय, तेच त्या नळीतून चाललंय. दुसरी शीर मिळायच्या आत काढली तर लगेच जातील."

"आणि ठेवली तर?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "उद्या प्रयत्न करतो. मला एक सांगा, त्यांना सातवर हलवलं तेव्हा पलंग पूर्ण साफ झाला होता का? आधीच्या पेशंटला हेच होतं. तिथं दोनदा करायला मी स्वतः सांगितलं होतं."

सिस्टरला बोलावलं, मावशीला बोलावलं. सिस्टर म्हणाली, "मला कुणीतरी झालं म्हणून ओरडून सांगितलं. मावशीच असेल."

मावशीनं माझ्याकडं बघितलं.

मी छताकडं बघितलं. तिथं पंखा होता. पंख्याला तीन पाती होती. एका पात्याला जळमट लागलं होतं.

"असेन मीच," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा भ्याला. भ्यालोच. पोरगी शेजारी उभी होती. चाळीस वर्षं जगाला शिकवलेलं ज्ञान आपणच मोडलं आणि आपलीच बायको त्यात घातली, हे पोरीसमोर कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही सांगितलं असतंत? मग गप्प ऐका.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी पोरगी खाली औषध आणायला गेली होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि पाच वाजताच वॉर्डात दिवे लावावे लागले. हिच्या उशाचा दिवा मात्र लागेना. ही डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय.

"अहो..."

"काय गं?"

"आता खूप झालेत. आधी एकच होते. आता मोजता येत नाहीत... एकमेकांचे हात धरून बसलेत."

"झोप तू."

"वाईट नाहीत हो ते. ते म्हणतात, आम्हाला अर्धवट उठवलं. जागं केलं आणि जायला वाट दिली नाही." ही जरा थांबली. धाप लागली होती. "तुम्ही डॉक्टरला खरं सांगा ना."

"काय खरं?"

हिनं डोळे उघडले. "मी त्याच वॉर्डात होते ना हो. ऐकलं मी, कोण ओरडलं ते."

काहीतरी करायचं म्हणून मी हिची चादर सारखी करायला वाकलो. भिंतीकडच्या बाजूनं चादर खोचायची, तर हात गादीखाली घालावा लागतो. घातला. गादीखालचा पत्रा हाताला लागला, आणि मी तिथंच थिजलो.

बुळबुळ.

डोळ्यांना कोरडं ठणठणीत दिसत होतं सगळं. पण बोटांखाली तोच गार, जाड, मऊ थर. जुन्या टाकीच्या तळाला असतो तो. आणि वासही तोच, कितीतरी वर्षं झाकण न उघडलेला. मी हात पुढं सरकवला, किती लांब आहे ते बघायला. धंद्याची सवय. मनगटापर्यंत गेला. कोपरापर्यंत गेला. मग आत कुणीतरी माझी बोटं धरली.

जोरानं नाही. गर्दीत म्हातारं माणूस शेजारच्याचा हात धरतं, तशी. धरली आणि धरून ठेवली.

हिचे दोन्ही हात पोटावर होते. मला दिसत होते.

"सोडतील," ही म्हणाली. "ओढू नका... सोडतील आपोआप."

सोडली. हात बाहेर काढून वॉर्डातल्या दिव्याखाली धरला. कोरडा. काही लागलेलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुसरी शीर सापडली आणि नळी काढली. मी डॉक्टरकडं हट्टच धरला, की मला बघू दे. त्यानं हातमोजा दिला. नळी स्वच्छ, काचेसारखी. मी कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि परत दिली. डॉक्टर म्हणाला, "दिसत नाही काही." मी म्हणालो, "दिसायला ते नसतंच."

नवीन नळी, नवीन औषध, सगळं झालं. ताप हटला नाही. ते आता नळीत नव्हतं, हिच्या आत घर केलं होतं. डॉक्टर म्हणाला, काळजाच्या झडपेवर बसलंय, डोळ्यात उतरलंय. हिला माणसं ओळखू येईनात. माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही कुठल्या नंबरचे?"

नवव्या दिवशी मी सांगितलं. पलंगाजवळ उभा राहून, पोरीसमोर, डॉक्टरसमोर. मावशीचा दोष नाही, ती थांबा म्हणत होती, सिस्टरला मी ओरडून सांगितलं, झालं म्हणून. खोटं सांगितलं. मला घाई होती.

पोरीच्या हातातून वही पडली नाही की काही नाही. तिनं ती नीट मिटली. "बाबा, तुम्ही?" म्हणाली. "तुम्ही तर आम्हाला घरातली घागर सुद्धा वाळल्याशिवाय..." त्यानंतर आजतागायत माझ्याशी कामापुरतं बोलते.

डॉक्टर म्हणाला, "लिहून द्यावं लागेल."

"देतो. आता हिला बरं कर."



मी हिच्याकडं वळलो. इतके दिवस कडेला लटकलेली बाई, ती भिंतीकडं सरकली होती. पार भिंतीपर्यंत. कठड्याकडची अर्धी गादी तिनं मोकळी सोडली होती. पुढच्या माणसाला जागा करून द्यावी तशी.

"उशीर केलात," म्हणाली. वॉर्डभर ऐकू गेलं असेल. पण ओठ हललेले मला दिसले नाहीत.

ही गेली तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. दारावरच्या माणसानं त्या दिवशी मला सहानंतर थांबू दिलं.

पंधरा दिवसांनी सही करायला बोलावलं. ऑफिसातल्या बाईनं माझं सांगणं टाइप करून ठेवलं होतं, दीड पान. मी अक्षर अक्षर लावत वाचलं आणि सही केली. ती म्हणाली, मावशीला परत कामावर घेतलंय. सात नंबर तीनदा धुतला, सगळीकडून कापूस फिरवून तपासायला पाठवला, काहीही सापडलं नाही. कागद दाखवला. स्वच्छ. तरी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गादी जाळा आणि पलंग भंगारात काढा.

बाहेर आलो तर चौथ्या मजल्यावर, पेशंटच्या मोठ्या लिफ्टसमोर, मावशी आणि लिफ्टवाला तोच पलंग घेऊन उभे. नुसता लोखंडी सांगाडा. मावशीनं मला बघितलं.

"बरं केलंत काका, लिहून दिलंत ते."

"लाजवू नकोस."

"लाजायला उशीर झालाय," ती म्हणाली. खरं तेच म्हणाली.

त्यांनी पलंग आत ढकलला आणि लिफ्ट ओरडायला लागली. वजन जास्त झालं की ती किंचाळते. आत पाटी होती, वीस माणसं.

"अरे, दोघं आणि एक सांगाडा," लिफ्टवाला म्हणाला. "मावशी, किती जेवलात?"

मावशी बाहेर आली. लिफ्ट ओरडतच होती. लिफ्टवाला बाहेर आला. ओरडतच होती. त्यानं पलंग बाहेर ओढला, गप्प. आत ढकलला, सुरू. त्यानं बटणांवर बुक्की मारली. "डोकं फिरलंय हिचं."

मावशी माझ्याकडं बघत होती.

मी दारात वाकलो. आत उजेड होता, चकचकीत पत्रा होता, रिकामा पलंग होता. आणि तो वास. मी हलक्या आवाजात म्हणालो, "सांगितलं गं मी सगळं. सही पण केली. आता उतर."

लिफ्ट गप्प झाली.

लिफ्टवाल्यानं आत एक पाय ठेवला, ती किंचाळली. पाय काढला, गप्प. "मर," म्हणाला तो, आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबलं आणि हात ओढून घेतला. दार मिटलं. ते दोघं पलंग गाठायला जिन्यानं धावत खाली गेले. त्यांच्या चपला वाजत वाजत लांब गेल्या. मजल्यावर मी एकटाच उरलो. म्हणजे मला दिसत होतो तो मी एकटा.

आमची ही जिना कशी उतरायची, सांगतो. गुडघे धरलेले. कठड्याला धरून एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग दम. सगळ्या जन्मात मी खाली जाऊन उभा राहायचो आणि वर तोंड करून ओरडायचो, "आटप गं!" त्या दिवशी मी मनात म्हटलं, होऊ दे सावकाश. मी थांबतो. मागं वळून बघितलं नाही, तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून. दोन जिने उतरलो आणि वळणावर कठड्याला टेकून उभा राहिलो.

वरून पावलं आली. या पायरीवर एक, पुढच्या पायरीवर एक. सरळ, सारखी, कुठंही दम न घेता.